दगडातून आलेला खेकडा

खेकड्याला किती पाय असतात हे शिकायला मला कॉलेजात जावं लागलं नाही. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला लागून आहे. कालव्याचं पाणी सुटलं की कडेच्या चिखलात बिळं दिसायची. आई बिळात कोपरापर्यंत हात घालून खेकडे काढायची आणि आम्ही भावंडं टोपली धरून तिच्या मागं असायचो. चालायचे पाय आठ, नांग्या दोन. खेकडा बाहेर निघाला की आई आधी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत त्याच्या दोन्ही नांग्या मोडायची आणि मगच त्याला टोपलीत टाकायची. नांग्यांसकट टाकले तर ते टोपलीत एकमेकांचे पाय तोडतात, टोपली धरणाऱ्या लेकरांची बोटंही सोडत नाहीत. मोडलेल्या नांग्या ती पदराच्या टोकाला बांधायची. कालवणाला खरी चव त्यांचीच. हे सगळं चारचौघांत सांगायची मला पूर्वी लाज वाटायची. आता राग येतो. तो नेमका कशाचा, ते मला नीट मांडता येईल की नाही माहीत नाही, पण प्रयत्न करते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता, कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंगही अजून ताजा होता. मी मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहून बी.एस्सी. करत होते. विषय प्राणिशास्त्र. विभागप्रमुख सरांचा दरारा मोठा होता. ते वर्गात आले की पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलसाठी खेकडे हवे होते. सरांनी वर्गात विचारलं, "धरणाकडचं कोण आहे?" मी हात वर केला. मला वाटलं, आपण काहीतरी उपयोगाला येतोय. आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून डबाभर खेकडे गावातल्या माणसाबरोबर पाठवले. अर्थातच नांग्या मोडून. लेकरू डबा उघडणार, त्याला चावायला नको, एवढंच तिच्या मनात.

सरांनी डब्यात पाहिलं आणि म्हणाले, "हे काय? अर्धे खेकडे? आपल्याला इथं कालवण करायचंय का?"

सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी 'खेकडेवाली' झाले. सर हजेरीलासुद्धा कधी कधी तसंच म्हणायचे. गमतीनं म्हणायचे, असं सगळे म्हणत. गंमत कुणाची आणि कुणाच्या जिवावर, हे त्या वेळी मला विचारता आलं नाही.

तिसऱ्या वर्षी कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार होती. भिंतींना रंग दिला, कुंड्या मांडल्या. प्रत्येक विभागानं काहीतरी वेगळं दाखवायचं ठरलं. आमच्या सरांनी समुद्राच्या पाण्याचं मत्स्यालय करायचं ठरवलं. आमच्या वर्गातल्या कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. सर स्वतः मुंबईला गेले आणि काचेची टाकी, थर्माकोलच्या पेट्यांत मासे, खास मिठाच्या पिशव्या आणि थोडे दगड घेऊन आले. त्या दगडांना ते 'जिवंत दगड' म्हणायचे. समुद्रातून काढलेले, भोकाभोकांचे, वर जांभळट साय धरल्यासारखे दगड. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि ते पाणी स्वच्छ ठेवतात, एवढं सरांनी सांगितलं. भोकांत आणखी कोण कोण राहत असेल, याचा विचार त्यांनी केला नाही.

टाकी सांभाळायचं काम माझ्यावर आलं. "तू हॉस्टेलवरच असतेस, तुला कुठं जायचं असतं? तूच बघ," असं सर म्हणाले. सकाळ-संध्याकाळ खाणं टाकायचं, काच पुसायची, पाणी कमी झालं की घालायचं. भारनियमन सुरू होतं. आमच्या वसतिगृहात आम्ही मेणबत्तीवर अभ्यास करायचो, पण टाकीच्या हवेच्या पंपाला इन्व्हर्टर होता. त्याचाही राग येतो, पण तो दुसरा राग आहे.

पाणी घालण्याचा नियम सरांनी घालून दिला होता. काचेवर मार्करनं एक रेघ मारलेली. पाणी रेघेखाली गेलं की कोपऱ्यातल्या निळ्या ड्रममधलं पाणी घालायचं. त्या ड्रममध्ये प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे आमचे शिपाईमामा, गाळलेल्या पाण्यात मुंबईचं मीठ मोजून कालवून ठेवायचे. खारटपणा मोजायचं काचेचं उपकरण प्रवासात फुटलं होतं. "नवीन मागवू," असं सर म्हणाले होते. ते कधीच आलं नाही.

आमच्याकडची हवा कोरडी. टाकीवर दोन ट्यूबलाइट, वर पंखा. रोज बोटभर पाणी उडून जायचं आणि रोज मी बोटभर खारं पाणी घालायचे. एक दिवस धीर करून विचारलं, "सर, पाणी उडतं, पण मीठ तर उडत नाही ना? मग आपण रोज आणखी मीठ..."

"हे मला टाकी विकणाऱ्या मुंबईच्या माणसानं सांगितलंय, तो याच धंद्यात म्हातारा झाला. तो शहाणा की तू?"

मी "सॉरी सर" म्हणाले. वरण आटलं की खारट होतं हे घरात लहान पोरीलाही कळतं. पण प्रयोगशाळेत वरणाचं नाव कसं काढायचं?

मग एका सकाळी काच पुसताना मला दगडाच्या पोटाशी तो दिसला. माझ्या करंगळीच्या नखाएवढा. दुधी रंगाचा, अंगावर विटकरी ठिपके. अंग इतकं चपटं की दगडाच्या फटीत कागद सरकवावा तसा तो आत जायचा. नांग्या मात्र अंगाच्या मानानं मोठ्या, त्याही चपट्या. हा माशांना धरणार, असं वाटलं. मी तशीच उभी राहिले, आता काय करतो ते बघत.

त्यानं काहीच धरलं नाही. तोंडाजवळून त्यानं दोन पंखे उघडले. बारीक केसांचे, ज्वारीच्या तुऱ्यासारखे मोकळे. एक पंखा पाण्यातून ओढून तोंडाशी न्यायचा, पुसल्यासारखा करायचा, तेवढ्यात दुसरा उघडायचा. आळीपाळीनं, न थांबता. लहानपणी आम्ही कालव्यात जुनं लुगडं दोन टोकांना धरून बारके मासे गाळायचो. हा तेच करत होता, फक्त मासे नाही, पाण्यात तरंगणारा कणकण. एक छोटा केशरी मासा त्याच्या नांगीला घासून गेला. त्यानं नांगी जरा उचलली, सरकून बसला आणि पुन्हा पंखे सुरू.

मग मी पाय मोजले. सहाच दिसले. वाटलं, तुटले असतील. दुसऱ्या दिवशी भिंग लावून पुन्हा मोजले, तरी सहाच. शेवटची जोडी होती, पण काडीसारखी बारीक, पाठीमागं अंगाशी दुमडून ठेवलेली, चालायच्या कामाची नाही. डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूनं निघालेल्या लांबलचक मिशा. आमच्या कालव्यातल्या खेकड्याच्या मिशा शोधाव्या लागतात. म्हणजे हा दिसायला खेकडा, पण आपल्या खेकड्यांच्या घरातला नाही.

ग्रंथालयात बिनकण्याच्या प्राण्यांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते वाचलं. एक पान वाचायला एक दुपार लागायची. शेवटी सापडला. पोर्सेलिन क्रॅब. चिनीमातीच्या भांड्यासारखा ठिसूळ, पकडलं की स्वतःच नांगी सोडून देणारा, म्हणून ते नाव. पाणी गाळून खातो. नांग्या जागेवरून भांडायला. मासे मारत नाही. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी आधी डोळ्यांनी पाहिली होती आणि मग ती पुस्तकात होती.

माझी खोलीतली मैत्रीण कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरची. तिची जीभ फार तिखट. ती मला शोधत प्रयोगशाळेत आली.

"ये बाई, तू काय प्रेमात पडली का त्याच्या? काचेला नाक लावून बसली कव्हाची!"

"तो खातो कसा ते बघून राहिले."

"पंख्यानं खातो? मंग येवढ्या मोठ्या नांग्या कशाला दिल्या देवानं?"

"शेजाऱ्यावर उगारायला."

"म्हंजे आपल्या वॉर्डनबाईच की! काम काही न्हाई, नुसत्या उगारून बसायच्या."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मामांनी आत डोकावून पाहिलं.

त्याच आठवड्यात पहिला मासा मेला. मग दुसरा. निळा होता तो, सरांचा सगळ्यात लाडका. समिती यायला फार वेळ उरला नव्हता. सर धावत आले, टाकीत वाकून पाहिलं, आणि नेमका त्या वेळी खेकडा दगडाच्या वर येऊन बसलेला.

"हा कुठून आला?"

"सर, दगडातून आला असंल. मी वाचलं, पोर्सेलिन क्रॅब आहे तो..."

"दगडातून खेकडे जन्मतात?"

"जन्मत नाहीत सर, भोकात बसून येतात. हा पाणी गाळून..."

"मी आणलेल्या प्राण्यांत खेकडा नव्हता. या कॉलेजात खेकडे कोण आणतं, ते सगळ्यांना माहीत आहे." ते दारात जमलेल्या मुलांकडे वळले. "मी समुद्र आणून ठेवला आणि खेकडेवालीनं त्यात कालवा आणून सोडला!"

पुन्हा सगळे हसले. मी पुस्तक उघडून धरलं होतं, पानावर बोट ठेवून. त्यांनी त्या पानाकडे पाहिलं नाही. नखाएवढ्या, सहा पायांवर चालणाऱ्या, पंख्यानं खाणाऱ्या त्या जिवाकडेही पाहिलं नाही. प्राणिशास्त्राचे प्रमुख होते ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गावाकडे पाहिलं, आणि त्यांना उत्तर सापडलं.

"उद्या आई-वडिलांना घेऊन यायचं. नाहीतर तुझ्या टर्मवर मी सही करणार नाही."

ती सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे तिसरं वर्ष गेलं. आणि आमच्या घरी गेलेलं वर्ष पुन्हा मिळत नाही, हे मला माहीत होतं.

आई आली. वडील कालव्याच्या कामावर होते, त्यांना सुटी मिळाली नाही. ती धुतलेलं लुगडं नेसून, कपाळावरचा घाम पुसत प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून उभी राहिली. मी म्हणाले, "चपला घाल आई, इथं काढत नाहीत." तिनं घातल्या नाहीत.

सरांनी मामांना दगड बाहेर काढायला लावला. पांढऱ्या ट्रेमध्ये दगड, दगडावर तो खेकडा, फटीत जायला धडपडणारा.

"बघा बाई, तुमच्या मुलीनं हा टाकीत सोडला. त्यानं एवढे महागाचे मासे मारले. आता काय करायचं?"

आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. मग तिनं हात जोडले. "चुकलं लेकराचं. पदरात घ्या सर."

"आई, मी न्हाई सोडला..."

"गप बस."

आणि मग ती पुढं झाली. तिला वाटलं, आपल्याला इथं एक तरी काम येतं. तिनं खेकडा उचलला, चिमटीत धरला आणि एका क्षणात दोन्ही नांग्या निघाल्या. आमच्या खेकड्याला जोर लावावा लागतो. यानं तर स्वतःच सोडल्या. आईलाही ते नवल वाटलं असणार, कारण ती बोटांकडे बघत राहिली. मग तिनं त्याला परत ट्रेमध्ये ठेवलं.

"झालं सर. आता न्हाई मारायचा कुनाला."

सर हसले. खुर्चीला टेकून, पोट हलेपर्यंत हसले. "बरीच सवय दिसते तुम्हाला! रोज हेच असतं का जेवणात?"

आईही हसली. तिला वाटलं, सर खूश झाले. ते हसू मी विसरू शकत नाही. माझ्या आईला कुणी हसतंय आणि तीही त्यांच्याबरोबर हसतेय, कारण तिला वाटतंय की संकट टळलं.

कुणी काही म्हणायच्या आत मी खेकडा टाकीत परत सोडला. सरांनी हात झटकला. "राहू दे आता, काय करणार तो. पण बाई, ऐका. आणखी एक मासा मेला तर मुलीला घेऊन जा. माझी सही मिळणार नाही."

बसस्टँडवर आई म्हणाली, "तू टाकलाच न्हाई म्हनतीस?"

"न्हाई आई. तू तरी..."

"एवढा शिकलेला मानूस खोटं काहून बोलंल?"

शिकलेला माणूस खोटं बोलत नाही, म्हणून तर तिनं मला शिकायला पाठवलं होतं.

"त्यो न्हाई म्हनला तर गपगुमान घरी ये," गाडीत चढताना ती म्हणाली. "हात जोडायला मला परत बोलवू नको, बाई."

त्यानंतर चारेक दिवसांनी तिसरा मासा मेला. मी सकाळी गेले तर तो वरती तरंगत होता, आणि खाली दगडाच्या पोटाशी बिननांग्यांचा खेकडा शांतपणे पंखे ओढत होता. उपाशी नव्हता, मरगळलेला नव्हता. त्याला खायला नांग्या लागतच नव्हत्या. पुस्तकातलं ते वाक्य माझ्या आईच्या हातून खरं ठरलं होतं. मी मासा चिमट्यानं काढून वाटीत ठेवला आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मासा मेला. पण खेकड्याला नांग्या नाहीत. मग कशानं मारला?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आधीच जखमी झाला असेल."

"जखम नाही सर. तुम्ही बघा ना."

"तू मला बघायला सांगतेस?" मग म्हणाले, "समिती जाईपर्यंत थांबतो. मग तुझं बघू."

म्हणजे मला काढायचं होतं, पण टाकी सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून समितीपर्यंत ठेवायचं होतं.

संध्याकाळी मी मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती आंबा चोखल्यासारखी लोणच्याची फोड चोखत ऐकत होती.

"मीठ मोजायचं कसं, तेवढंच मला पाहिजे," मी म्हणाले. "घट्टपणा मोजायचं काहीतरी."

"दुधाचा घट्टपना मोजत्यात तसा?"

तिच्या वडिलांकडे गावातलं दूध संकलन होतं. दुधात पाणी घातलं का बघायला काचेची नळी दुधात सोडतात. दूध घट्ट असलं की नळी वर उचलली जाते, पातळ असलं की बुडते. लॅक्टोमीटर. तत्त्व तेच. रविवारी ती घरी गेली आणि येताना नळी रुमालात गुंडाळून आणली. "बापाला सांगितलं, प्रॅक्टिकलला पायजे. तो म्हनला, म्हशीचं प्रॅक्टिकल हाय का?"

आधी ड्रममधल्या ताज्या पाण्यात सोडली. एका खुणेवर थांबली. मग टाकीतलं पाणी उंच ग्लासात घेऊन त्यात सोडली, तर ती मान काढून वर आली, अगदी शेवटच्या खुणांपर्यंत.

"आगं बाई!" मैत्रीण म्हणाली. "हे दूध असतं तर माह्या बापानं याचा सत्कार केला असता!"

मला हसू आलं नाही. रोज बोटभर, रोज माझ्याच हातानं, सरांच्या हुकमावरून. मासे मिठानं मरत होते.

मी नळी घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेले. सर फोनवर होते. फोन ठेवून त्यांनी नळी पाहिली आणि म्हणाले, "हे दुधाचं आहे. आता डेअरी काढायची राहिली का इथं?" मी सांगायला लागले. त्यांनी हातानं दार दाखवलं.

मग मी विचारणं सोडलं. मामा मीठ कालवायच्या आधी मी गाळलेलं पाणी बाजूला काढून ठेवायला लागले. रोज टाकीतलं तांब्याभर काढायचं, तांब्याभर साधं पाणी हळूहळू घालायचं. एकदम नाही, माशांना सोसणार नाही म्हणून. मामांनी एकदा पाहिलं.

"सरांनी सांगितलं काय गं?"

"न्हाई मामा."

मामा ड्रम ढवळत राहिले. नळी रोज थोडी थोडी खाली यायला लागली. पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकणारे मासे खाली उतरले. पुढं एकही मेला नाही.

समिती आली त्या दिवशी आमच्या विभागात गुलाबपाण्याचा वास होता. सर नवीन शर्टात. मला टाकीपासून जरा लांब, भिंतीला उभं केलं होतं. समितीतल्या एक मॅडम वाकून टाकीत बघत होत्या. त्यांनी दगडाच्या पोटाशी बोट दाखवलं. "हे काय आहे?"

सरांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "पोर्सेलिन क्रॅब, मॅडम. दगडाच्या भोकात बसून येतो. जन्मत नाही, बसून येतो. पाणी गाळून खातो, निरुपद्रवी. आमच्या विभागानं निरीक्षण करून ओळखला."

माझी वाक्यं. शब्द न् शब्द. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं! त्या दिवशी, मी पुस्तक धरून उभी असताना, मुलं हसत असताना, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना कळत नव्हतं असं मी इतके दिवस समजत होते. कळत असूनही माझ्या आईला हात जोडायला लावलं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. न कळणाऱ्या माणसावरचा राग वेगळा असतो. हा राग मला गप्प उभं राहू देईना.

"पण याच्या नांग्या कुठं आहेत?" मॅडमनी विचारलं.

"कात टाकताना गळतात, मॅडम."

"मोडल्या," मी म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं कुणाला ऐकू गेला नसेल. पण मॅडम वळल्या. "कुणी?"

"माझ्या आईनं. हा मासे मारतो असं सरांनी तिला सांगितलं म्हणून. त्याच्यानंतर पण मासा मेला, मॅडम. पाण्यात मीठ जास्त झालं होतं. आम्ही लॅक्टोमीटरनं मोजलं."

मॅडमनी सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळात पाहिलं. "इंटरेस्टिंग," त्या म्हणाल्या आणि सगळे पुढच्या दालनात गेले. तिथं रेशमाचे किडे होते.

एवढंच. मला वाटलं होतं, बोलले की काहीतरी होईल. काही झालं नाही. चहाचे कप वाजत राहिले.

माझ्या टर्मवर सही झाली. मामांनी कागद आणून दिला. सरांनी मला बोलावलं नाही, माझ्याशी बोलले नाहीत, हजेरीला माझा नंबर उच्चारून पुढं गेले. मैत्रीण म्हणाली, "मिळाली ना सही? मंग झालं." पण माझं झालं नव्हतं. घरी आई अजून समजत होती की मी खेकडा टाकला आणि सरांनी पदरात घेतलं.

सुटीत मी घरी गेले आणि चुलीपुढं बसून तिला सगळं सांगितलं. पंखे, सहा पाय, मीठ, दुधाची नळी, समिती. ती भाकरी थापत होती. मध्ये एकदाच थांबली.

"म्हंजे त्याला ठावं व्हतं?"

"व्हय."

"माह्या म्होरं हसला तव्हा बी ठावं व्हतं?"

"व्हय आई."

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उलटली नाही.

परीक्षेच्या हॉलतिकिटासाठी मी परत निघाले तर ती माझ्याबरोबर गाडीत बसली. मी विचारलं तर म्हणाली, "काम हाय माहं." प्रयोगशाळेच्या दारात ती आली, या वेळी चपला पायातच. सर टेबलाशी काहीतरी लिहीत होते.

"सर, वळखलं का?"

"अं? हो, हो. या, बसा. मामा, बाईंना चहा सांगा."

"चहा नको. त्यो खेकडा मासे मारीत न्हवता म्हनं."

"अहो, झालं ते झालं. तिला परीक्षेला बसवलं ना मी?"

"ते झालं. पन मी तुमच्या म्होरं हात जोडून म्हनले, चुकलं लेकराचं. तर चुकलं न्हवतं. तेवढं म्हना तिला. माह्या देखत म्हना."

सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. दारात दोन-तीन मुलं येऊन उभी राहिली होती. या वेळी कुणी हसत नव्हतं.

"बाई, मॅटर संपलंय."

"तुमचं संपलं असंल. माहं न्हाई."

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मीही तिच्याशेजारी बसले. हॉलतिकिटाची रांग संपली, ते घेऊन मी परत आले, तरी ती तिथंच होती. मामांनी पाण्याचा तांब्या आणून दिला, तेवढा तिनं घेतला. मागच्या दाराकडून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा तिनं मान वळवून मामांकडे पाहिलं.

"गेला काय?"

"गेले बाई," मामा म्हणाले.

ती उठली. लुगडं झटकलं. बसस्टँडपर्यंत ती माझ्यापुढं इतकी भरभर चालत होती की मला पळावं लागत होतं. गाडी लागलेली होती. चढायच्या आधी तिनं मला जवळ ओढून माझी ओढणी सावरल्यासारखं केलं आणि म्हणाली, "पेपर दे. समदे दे. पन त्या मानसाला पुन्यांदा सॉरी म्हनली, तर तंगडी मोडीन तुही."